‘हो’ म्हणजे कबुली नव्हे

वाशीम जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही वारंवार पाहतो : बौद्धिक दिव्यांग मुलगा खाकी वर्दी दिसली की प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतो. त्याला फक्त तिथून सुटायचे असते.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 179 सांगते की, दिव्यांग साक्षीदाराला त्याची इच्छा नसताना ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी घरी जायचे. लैंगिक अत्याचाराची पीडित दिव्यांग असेल, तर कलम 173 नुसार विशेष शिक्षक किंवा दुभाषासमोर फिर्याद घ्यावी लागते.

पण तोच मुलगा संशयित ठरला तर? शेजारी विशेष शिक्षक बसवण्याची सक्ती या कलमांत नाही. इंग्लंडमध्ये 1984 च्या पोलीस कायद्याखालील नियमांनी अशा चौकशीत सोबतीला प्रौढ व्यक्ती लागते. आपल्याकडे पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही, हे खरे. पण तिच्यातून सापडलेली वस्तू ठरू शकते.

म्हणून अशी अटक कळताच ठाण्यात पोहोचा. कलम 38 नुसार वकिलाच्या भेटीचा हक्क मागा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण दिव्यांगांना मोफत वकील देते. दिव्यांग प्रमाणपत्र आजच काढून ठेवा. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, हे संविधानाचे कलम 20(3) त्या मुलाचेही आहे. त्याला ते वाचता येत नसेल, तर आपण वाचायचे.

जय भीम!