अंड्याचा पत्ता

पावसाळ्यात खिडकीच्या जाळीवर, ट्यूबलाइटलगतच्या भिंतीवर, कुंडीतल्या पानामागे बारीक अंडी दिसू लागतात. मग मोबाइलवर फोटो फिरतो आणि कोणीतरी ठामपणे नाव सांगून मोकळा होतो. माझ्या मते निव्वळ रंगरूपावरून अंड्याची जात ठरवू नये. ते कुठे आहे, हा त्याहून मोठा पुरावा. तगरीच्या किंवा कण्हेरीच्या कोवळ्या पानावर एकटंच, फिकट हिरवं, जेमतेम दीड मिलिमीटरचं गोल अंडं असेल, तर ते कण्हेरीच्या हॉकमॉथ या पतंगाचं असण्याची शक्यता दाट. कढीपत्त्यावरचं फिकट पिवळं गोल अंडं मात्र बहुधा पतंगाचं नव्हेच, लिंबाच्या फुलपाखराचं. पतंग आणि फुलपाखरं यांची अंडी वेगळी ओळखायची एकच एक खूण नाही, त्यामुळे ‘फुलपाखराचं ठेवा, पतंगाचं पुसा’ हा शहाणपणा कामाचा नाही. केसाएवढ्या बारीक देठांवर उभी असलेली अंडी क्रायसोपा या कीटकाची; त्याच्या अळ्या मावा फस्त करतात. ती पुसणारा स्वतःच्याच गुलाबाचं नुकसान करतो.

पानासकट अंडं बरणीत ठेवून तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं, की भिंगातून पुढचं दिसतं. उबायच्या सुमारास कवचाआडून अळीचं डोकं काळ्या ठिपक्यासारखं जाणवतं. हॉकमॉथची अळी बाहेर आली, की शेपटीकडचं लांब शिंग लगेच नजरेत भरतं. पण सगळं अंडंच काळंकुट्ट झालं, तर आत ट्रायकोग्रामा ही इवलीशी परजीवी गांधीलमाशी वाढत असू शकते. शेतात लावतात त्या ट्रायकोकार्डवर तांदळाच्या पतंगाची अंडी याच माशीसाठी चिकटवलेली असतात. म्हणजे अंडं पतंगाचं आणि बाहेर येणारी माशी! फोटोवरून नाव सांगणाऱ्याने इथे काय करावं?

यावर घरातून हमखास येणारा आक्षेप: वाट बघेपर्यंत रव्याला जाळी धरेल, पैठणीला भोकं पडतील. भीती खरी, पण रोख चुकीचा. धान्यातल्या नि कपड्यांतल्या पतंगांची अंडी मिलिमीटरहून लहान, आणि ती दाण्यांत, धाग्यांत दडलेली. रव्यात जाळी दिसली, तर अळ्या आधीच झालेल्या असतात. तिथे वाट बघू नये, डबा रिकामा करावा. तपकिरी लवेखाली झाकलेला पुंजका दिसला, तर त्यालाही हात लावू नये, काहींच्या केसांनी खाज सुटते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: भिंतीवरच्या अंड्यांचं काय, तिथे झाड कुठे आहे? दिव्याला भुललेली मादी कुठेही अंडी टाकते, हे खरंच. अळ्या निघाल्या, की अंगणातली चार-पाच प्रकारची कोवळी पानं बरणीत टाकून बघावीत. एखादं कुरतडलं, तर झाड कळलं आणि शोध आवाक्यात आला. एकालाही तोंड लावलं नाही, तर नोंदवहीत ‘अनोळखी’ लिहावं, खाली तारीख टाकावी.