रेंज ही मेहेरबानी नव्हे



यंत्रमागांच्या भिवंडीजवळ वळ नावाचे गाव आहे. मुंबई जवळ, परिसरात गोदामांच्या रांगा. जिथे असा धंदा, तिथे कंपन्या आपणहून इंटरनेट घेऊन जातात. कोरडवाहू गावाकडे कोण येणार?

छपरावर सिमकार्डाचा डबा बसवला की तो टॉवरच्या लहरी पकडतो आणि घरात इंटरनेट चालते. २०२३ पासून मोठ्या कंपन्या हे विकू लागल्या. चर खोदायला नको, तार ओढायला नको. ही सोय आपल्याला हवीच. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर आली. २०२५ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस घालायलाही ॲपवर नोंदणी लागली. रेंज नाही तर नोंद नाही; नोंद नाही तर हमीभाव नाही.

पण ‘आता तारेची गरज काय?’ असे कोणी म्हटले तर फसू नका. टॉवर सगळ्या गावाचा एकच. मागून फायबर नसेल तर संध्याकाळी तो तुंबतो; वीज गेली, बॅटरी संपली की मुका होतो.

ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ ची. तीच पुढे भारतनेट झाली. २०२३ मध्ये तिला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. हा पैसा खेड्याच्या नावाचा आहे.

डब्यावर सबसिडी नको. टॉवरपर्यंत फायबर द्या, टॉवरला बॅटरी द्या. तोवर रेंज नसलेल्या गावाची कागदावरची नोंद ग्राह्य धरा.