असं का बरं? : एक चाक गरगर, एक चाक ढिम्म!

दोस्तांनो, पावसाळ्यात बदनापूरकडच्या काळ्या रानात ट्रॅक्टर रुतलेला पाहिलाय? मागचं एक चाक गरगर फिरतं, दुसरं ढिम्म! का बरं?

कवायतीत रांग वळताना बाहेरच्या मुलाला पळावं लागतं ना, तसंच बाहेरच्या चाकाचं. म्हणून मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल नावाचा दातेरी चक्रांचा संच असतो. तो दोन्ही चाकांना कमी-जास्त वेगाने फिरू देतो. चिखलात नेमकी हीच सोय नडते! मग चालक चाकं थांबवून पायाशी असलेला ‘डिफरन्शियल लॉक’ दाबतो. दोन्ही चाकं बरोबरीने फिरतात अन् ट्रॅक्टर बाहेर!

पण लॉक लावून वळायचं नाही हं! ट्रॅक्टर सरळच रेटतो, शिवाय एक्सल काडकन तुटू शकतो. मग ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा!