घसा का दुखतो?

ऑपरेशन पोटाचे, मग घसा का दुखतो, असे रुग्ण नेहमी विचारतात. पूर्ण भुलीत श्वासनलिकेत घातलेल्या नळीभोवती फुगा असतो. तो फुगवला की हवा निसटत नाही, पोटातले पाणी फुफ्फुसात उतरत नाही. त्यातला दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका हवा. वाढल्यास अस्तराचा रक्तपुरवठा आटतो, ते दुखावते. नायट्रस ऑक्साइड वापरला तर तो फुग्यात शिरून दाब आणखी चढवतो.

तोंडाबाहेरचा लहान फुगा बोटांनी चाचपून अंदाज बांधणे मला पटत नाही. फटफटीच्या चाकातली हवासुद्धा आपण मोजून घेतो! जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरात दाबमापक हवाच. भुलीच्या यंत्रापुढे त्याची किंमत काहीच नाही.

घसा बहुधा दोन-तीन दिवसांत बरा होतो. आवाज आठवडाभर बसलेलाच राहिला, तर गुळण्या पुरे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.