इथे पूर्वी काहीच नव्हतं

डिंभे धरणाच्या काठावरच्या एका ‘इको-फ्रेंडली’ हॉटेलात गेल्या हिवाळ्यात ऑफिसच्या टीमसोबत दोन रात्री राहिलो. बांबूच्या खोल्या, तिन्ही बाजूंनी पाणी, मोबाईलला रेंज नाही. बेटावर उतरल्यासारखंच वाटतं. जाहिरातीतही तेच होतं, ‘तुमचं स्वतःचं बेट’. पहिल्या रात्री शेकोटीपाशी मॅनेजर अभिमानाने म्हणाला, “सर, इथे पूर्वी काहीच नव्हतं.”

मी गप्प बसलो. माझ्या आजीचं माहेर त्या पाण्याखाली आहे.

ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळालं, ते मूळ आंबेगावच या धरणात गेलं. गाव बुडालं, नाव तेवढं सरकारी कागदांवर उरलं. धरणाला नाव दिलंय याच तालुक्यातल्या हुतात्मा बाबू गेनूंचं. डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. त्यांचं पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. तिकडच्या शेतकऱ्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण ‘काहीच नव्हतं’ या दोन शब्दांशी आहे. तुम्ही-आम्ही ज्या एकांताचे पैसे मोजतो, तो निसर्गाने दिलेला नाही. इथली माणसं उठली म्हणून तो तयार झाला.

खोलीत एक सुबक पाटी होती: ‘पाणी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा.’ खिडकीबाहेर भरलेला स्विमिंग पूल. खोली आवरायला येणाऱ्या ताई वरच्या वाडीतल्या. त्यांना विचारलं, तुमच्याकडे पाण्याचं कसं? म्हणाल्या, “एप्रिल लागला की झरा आटतो. मग खाली धरणावर यायचं आन् हंडा घेऊन चढ चढायचा.” त्यांना पाणी वाचवायला सांगणारी पाटी लावायची गरज नाही.

तुम्ही म्हणाल, मग काय, हॉटेलं बंद करायची? नाही. ताईच म्हणाल्या की काम बंद पडायला नको, पोराची फी त्यावरच भरते. मीही काही साधू नाही. हिंजवडीत एसीत बसून कोड लिहितो आणि सुट्टी मिळाली की डोंगर शोधतो. माझा आक्षेप ‘इको’ या शब्दाच्या चोरीला आहे. इंटरनॅशनल इकोटुरिझम सोसायटीने 1990 साली इकोटुरिझमची व्याख्या केली, तेव्हा तिच्यात दोन अटी होत्या: निसर्ग राखणं आणि स्थानिक लोकांचं भलं होणं. आपल्याकडे दुसरी अट गाळून पहिलीची सजावट केली जाते. बांबूचा ब्रश, कागदी स्ट्रॉ, झालं इको.

दुसरी अट पाळता येत नाही असं नाही. याच पाण्यात, याच धरणाने उठवलेल्या आदिवासींनी सहकारी संस्था काढून मासेमारी उभी केली. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला 2012 साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. याच डोंगरांत ‘पडकई’ची रीत आहे. एकमेकांच्या उतारावर सगळ्यांनी मिळून बांध घालायचे आणि भाताची खाचरं तयार करायची. माती धरून ठेवणारं याहून मोठं ‘इको’ कोणतं? आमच्या हॉटेलच्या ताटात मात्र पनीर होतं आणि परदेशातून गोठवून आणलेला बासा.

2018 साली राज्य सरकारने शेजारच्या जुन्नरला पर्यटन तालुका ठरवलं. म्हणजे अशी ‘बेटं’ वाढणार. म्हणून बुकिंग करताना फोनवर तीन प्रश्न विचारा. पाणी कुठून घेता, आणि एप्रिलमध्ये वरच्या वाडीला किती मिळतं? ताटातला तांदूळ आणि मासा कोणाचा? स्थानिक माणूस फक्त खोल्या झाडतो, की हिशेबातही त्याचा वाटा आहे? उत्तरं मिळाली नाहीत तर ते पाण्याकाठचं महागडं हॉटेल आहे. खुशाल जा, पण त्याला इको म्हणू नका.

निघताना मॅनेजरने रिव्ह्यू मागितला. शेकोटीपाशी जे बोलायला हवं होतं, ते तिथे लिहिलं: जागा सुंदर आहे. इथे पूर्वी गाव होतं.