आडनावाच्या आडून

‘नाव काय?’ हा प्रश्न आपल्याकडे नावावर थांबत नाही. नाव सांगितलं की ‘पुढे?’ येतं. आडनाव सांगितलं की समोरचा क्षणभर डोळे बारीक करतो, मनातली खतावणी चाळतो आणि विचारतो, ‘म्हणजे मूळचे कुठले?’ आणि त्याच्याही मागे दडलेला खरा प्रश्न असतो, ‘म्हणजे आपल्यातलेच का?’ तो कधी ओठांवर येतो, कधी चहाच्या घोटाबरोबर गिळला जातो.

मागे एका कुलसंमेलनाला पाहुणा म्हणून बसलो होतो. जाडजूड कुलवृत्तांताचं प्रकाशन होतं. एका वक्त्यांनी या सगळ्या प्रश्नांमागची श्रद्धा एका दमात मांडली. आडनाव ही रक्ताची सही आहे, ती शेकडो वर्षं अखंड चालत आलेली आहे आणि जो ती बदलतो तो पूर्वजांचा अपमान करतो. टाळ्या पडल्या. सवयीने मीही दोन वाजवल्या. त्या दोन टाळ्या परत घेण्यासाठी हा लेख.

आधी ‘शेकडो वर्षं’ घेऊ. मराठीचा पहिला मोठा कवी आपण ज्ञानेश्वर एवढ्याच नावाने ओळखतो. चोखामेळा, जनाबाई यांना कुणी ‘पुढे?’ विचारलं नाही. तुकोबांच्या नावापुढे कुणी मोरे लिहितं, कुणी आंबिले, आणि स्वतः तुकोबांनी अभंगाच्या शेवटी सही करताना दोन्ही वापरलेली नाहीत. शब्दच पाहा ना. आडवाट, आडगाव, आडदिवस, तसं आडनाव. मुख्य नव्हे, बाजूचं. एका गावात चार रामजी झाले की कोणता रामजी हे कळावं म्हणून लावलेली ती खूण. शाळेची पटावरची नोंद, जमिनीचा उतारा, नोकरीचा कागद अशी दप्तरं वाढत गेली तशी ही बाजूची खूण पक्की होत गेली, आणि आज ती मुख्य नावाच्या डोक्यावर बसली आहे.

‘अखंड’ हा दावा तर आपल्या सगळ्यांत आवडत्या नावांपुढेच टिकत नाही. नाना फडणवीस वेळासच्या भानूंच्या घरातले. फडणवीस हा हुद्दा, आडनाव भानू. हुद्द्याने आडनाव खाल्लं. पेशव्यांचंही तेच, श्रीवर्धनचे भट. जोतीराव फुल्यांचं घराणं कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात येऊन फुलांचा धंदा केला, पेशव्यांना फुलं पुरवली, आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. फुले हे आडनाव म्हणजे गोऱ्हे पूर्वजांचा अपमान, असं म्हणायची कुणाची छाती आहे? मास्टर दीनानाथांचं घराणं मंगेशीच्या देवळातल्या पुजाऱ्यांचं. त्यांनी गावाच्या नावावरून मंगेशकर हे नाव लावलं आणि पुढच्या एका पिढीत ते देशभर झालं. त्याच मंगेशीतून आलेल्या दुसऱ्या थोर गायकाचं आडनाव मात्र देवाला अभिषेक करण्याच्या कामावरून, अभिषेकी. एक गाव, एक देऊळ. एका आडनावात गाव आलं, दुसऱ्यात काम.

आणि बाबासाहेब. रामजी सकपाळांचा मुलगा, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी पटावर नाव पडलं ते ‘भिवा रामजी आंबेडकर’. सकपाळ हे आडनाव तिथे नाही, आणि गावाचं नावसुद्धा जसंच्या तसं राहिलेलं नाही. रक्ताची सही म्हणाल तर ती इथे शाळेच्या रजिस्टरात, शाईने झालेली दिसते.

आता ‘रक्त’. कोकणच्या किनाऱ्यावर बेने इस्राएली लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. त्यांची आडनावं पेणकर, रोहेकर, किहिमकर, दिवेकर. जुन्या हिंदी चित्रपटांतले लाडके डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. दिवेकर चित्पावनांतही आहेत. तेव्हा नुसतं ‘दिवेकर’ ऐकून खतावणी उघडणाऱ्याला मी विचारतो, देऊळ की सिनॅगॉग? कोकणी मुसलमानांतही ‘कर’ लावणारी घराणी भरपूर आहेत. पाटील तर मराठा, माळी, आगरी, कोळी, लिंगायत, जैन, मुसलमान, सगळीकडे. ‘कर’ म्हणजे गाव, पाटील म्हणजे काम. दोन्हीत रक्त कुठेच नाही.

शुद्धतेची फार आवड असणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत आहे. चिटणीस, फडणीस, पारसनीस, कारखानीस या भारदस्त आडनावांच्या शेवटचा ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’ आहे, म्हणजे लिहिणारा. पारसनीस तर थेट फारसी लिहिणारा. पोतदार, इनामदार यांतला ‘दार’ही तिथलाच. या आडनावांना मी कमी लेखत नाही. उलट, लेखणीवर जगलेल्या माणसांची ती नावं आहेत आणि मला ती तलवारीच्या नावांपेक्षा जास्त आवडतात. पण त्यांच्या आधारावर शुद्ध परंपरेचं भाषण देऊ नये, एवढंच.

दंतकथांचं प्रकरण याहून मजेदार आहे. आगलावे, ढमढेरे, एकबोटे, सातपुते असं कोणतंही चमकदार आडनाव घ्या, घरात त्याची एक गोष्ट असतेच आणि त्या गोष्टीत बहुतेक वेळा एक राजा असतो. त्याने मूळ पुरुषाचा पराक्रम पाहिला आणि भर दरबारात नाव दिलं. माझ्या ओळखीतल्या एका आगलावे कुटुंबात मूळ पुरुषाने शत्रूची छावणी पेटवली होती. असेलही. पण गावातली माणसं कुणाला काय नावं ठेवतात हे मी लहानपणापासून पाहत आलोय, आणि छावणी पेटवणाऱ्यांपेक्षा शेजाऱ्यांत भांडणं लावणारे गावात नक्कीच जास्त असतात. ‘नावं ठेवणे’ या वाक्प्रचाराचे दोन्ही अर्थ मराठीने उगाच एकत्र ठेवलेले नाहीत.

कुणी म्हणेल, हे महाराष्ट्रापुरतं झालं. जगात आडनाव म्हणजे वंश. चीनपुरतं मान्य. तिथली कुलनावं फार जुनी आहेत आणि पहिली शंभर नावं बहुतेक लोकसंख्येला पुरतात. पण वांग हे नाव नऊ कोटींहून अधिक माणसांचं असेल तर त्यातून वंश तरी काय कळणार? जपानमध्ये सामान्य माणसाला आडनाव सक्तीचं झालं ते १८७५ साली. तुर्कस्तानात १९३४ च्या कायद्याने, आणि ‘अतातुर्क’ हे आडनाव मुस्तफा कमालला संसदेने त्याच वर्षी दिलं. म्हणजे राष्ट्रपित्याचं आडनाव सरकारी ठरावातून आलं. ब्रह्मदेशात बहुतेकांना आडनावच नसतं. ऊ थांट संयुक्त राष्ट्रांचे महासचिव झाले, त्यांच्या नावातला ‘ऊ’ हा केवळ आदरार्थी, आपल्या ‘राव’सारखा.

मला सगळ्यांत बोलकी वाटते ती फिलिपिन्सची हकीकत. तिथे स्पॅनिश अंमलात बाप्तिस्मा घेतलेल्या असंख्य लोकांनी दे ला क्रूझ, दे लोस सांतोस अशी धर्मातली नावं लावली होती. एका गावात अर्धं गाव ‘क्रूसाचं’, उरलेलं ‘संतांचं’. कर गोळा करणाऱ्यांचे हिशेब लागेनात. २१ नोव्हेंबर १८४९ रोजी गव्हर्नर क्लावेरियाने हुकूम काढला आणि सुमारे साठ हजार आडनावांची वर्णानुक्रमे छापलेली यादी प्रांतोप्रांती धाडली. यादीत स्पॅनिश नावं होती तशी झाडांची, वस्तूंची, स्थानिक भाषांतलीही होती. अधिकाऱ्यांनी गावांना पानं वाटून दिली. त्यामुळे काही गावांत एकाच अक्षराची आडनावं राहिली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात ती ‘र’ने सुरू होतात. आज तिथल्या कुणाला ‘मूळचे कुठले?’ विचारलं तर प्रामाणिक उत्तर एकच, यादीतल्या अमुक पानावरचे. आपल्या गोव्याचं प्रकरण याहून फार दूरचं नाही. धर्मांतरात धर्मपित्याचं आडनाव मिळे, म्हणून एकाच कुटुंबाचे भाऊ फर्नांडिस आणि परेरा होऊ शकत. त्यातला फर्नांडिस म्हणजे ‘फर्नांदोचा मुलगा’. कोणता फर्नांदो? साष्टीतल्या त्या शेतकऱ्याच्या वंशात तो कधीच नव्हता.

पण वंशाचा मुद्दा दस्तऐवजांशिवाय, साध्या गणितानेही निकालात निघतो. आईवडील दोन, आजीआजोबा चार, पणजीपणजोबा आठ. असे दहा पिढ्या मागे गेलात तर १,०२४ पूर्वज होतात. नात्यातल्या लग्नांमुळे थोडे कमी धरा. तुमचं आडनाव त्यांतल्या एकाकडून आलंय. बाकीच्या हजारभर माणसांनीही तुम्हाला जन्माला घालण्याचे कष्ट घेतलेत, आणि त्यांच्या आडनावांचा पत्ता नाही. पूर्वजांच्या अपमानाचा एवढाच कळवळा असेल तर सुरुवात त्यांच्यापासून करू.

त्या हजारांत निम्म्या बायका. इथे पूर्वपक्षाची खरी दांडी गुल होते. बदलणं पाप असेल, तर लग्नात ताटातल्या तांदळांवर सुनेचं पहिलं नावसुद्धा बदलून लिहिणारे हेच लोक कसे? मुलाचं आडनाव रक्ताचं आणि मुलीचं भाड्याचं, हे कोणत्या शास्त्रात बसतं? बायकोने नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे असा कायदा भारतात नाही. लावायचं असेल तिने खुशाल लावावं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्राने वडिलांच्या नावाआधी आईचं नाव घातलं, तेव्हा ‘ही पाश्चात्त्य फॅशन’ अशी कुरकूर झाली. त्या मंडळींनी नाशिकच्या पांडवलेण्यांत जाऊन यावं. तिथला राजा गौतमीपुत्र, त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र. अर्थात खरं सांगायचं तर ‘गौतमी’ हे राजाच्या आईचं गोत्राचं नाव. तिचं स्वतःचं नाव बलश्री. ते आपल्याला कळलं, कारण तिने लेणं दान देताना कोरून ठेवलं.

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांशी दोन शब्द. आडनावच टाका, म्हणजे जात जाईल, असं ते म्हणतात. त्यांचा हेतू मला मान्य, उपाय नाही. तमिळनाडूत १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेने जातीची उपपदं सोडायला सांगितलं आणि लोकांनी मोठ्या प्रमाणावर ती सोडली. हे मोठंच काम. पण जातीबाहेर लग्न केलं म्हणून तिथे आजही मुडदे पडतात. विचारणाऱ्याला आडनाव मिळालं नाही तर तो गाव विचारतो, गल्ली विचारतो, कुलदैवत विचारतो. शिवाय आडनाव सोडण्याचा सल्ला देणारे पुष्कळदा ज्यांचं आडनाव ऐकून घरमालकाने कधी दार लावलं नाही, असेच असतात. ज्याला ते टोचतं त्याने राजपत्रात नोंद करून बदलावं, आणि आपण त्याला ‘मूळचं काय?’ विचारू नये. सोडायचं की ठेवायचं हे नाव लावणाऱ्याने ठरवावं.

माझं म्हणणं म्हणून साधं आहे. आडनाव हा जुना कागद आहे, तसा जपावा. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतनं बंद केली, पण कुलकर्णी हे आडनाव अजून घरोघर आहे. वतनाचा इतिहास त्या चार अक्षरांत राहिला. किहिमकर हे आडनाव समुद्रापार इस्राएलातही अलिबागजवळच्या एका गावाचं नाव सांगतं. पणजोबांनी कोणतं गाव सोडलं, कोणतं काम केलं, कोणत्या कारकुनाने काय ऐकलं, हे आडनावातून वाचता येतं. माणूस मात्र वाचता येत नाही.

त्या दिवशीचा कुलवृत्तांत मी घरी आणून चाळला. मुलांच्या शाखा नऊ-नऊ पिढ्या पसरलेल्या. मुलीच्या नावाशी सासरचं आडनाव, आणि तिथे रेघ संपलेली. संपादक मंडळाला माझी विनंती आहे की पुढच्या आवृत्तीत मुलींच्या शाखाही पुऱ्या छापा. पानं दुप्पट होतील. वर्गणी वाढवा, पाहुणा असलो तरी माझी धरून चाला.