सन पाहून सून

परवा परिचय संमेलनाच्या यादीवर पेन फिरवत एक काकू म्हणाल्या, "सत्त्याण्णवच्या पुढच्या मुली नकोच बाई. त्या जेन झी. त्यांना काही सोसत नाही." आणि शिक्षण, घर, स्वभाव काही न बघता तीन मुलींवर फुली!

आमच्या शिंदे की छावनीतल्या घरात जावेचा मुलगा डिसेंबर १९९६ चा, माझी मुलगी जानेवारी १९९७ ची. मध्ये तीन आठवडे. एकाच पाळण्यात आळीपाळीने झोपलेली ही दोघं. आता म्हणे तो मिलेनियल, ती जेन झी! त्याला स्थळं येतात, हिच्यावर फुली.

ही रेघ आहे अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरची. १९८१ ते १९९६ एक पिढी, १९९७ ते २०१२ दुसरी. एक कारण असं की, २००१ चा न्यूयॉर्कवरचा हल्ला पुढच्या मुलांना आठवत नाही. त्याचा आमच्या छावनीतल्या पाळण्याशी काय संबंध? आणि २०२३ मध्ये त्याच संस्थेने सांगितलं की ही लेबलं आम्ही दरवेळी लावणार नाही. आखणारे मागे सरले, आपण मात्र धरून बसलो.

सन तरी कुणाचं खरं? सासूबाईंच्या शाळेच्या दाखल्यावर १ जुलै आहे, मास्तरांनी अंदाजाने लिहिलेली. वर्षही अंदाजाचंच.

काकू रोज स्वाध्यायाला बसतात म्हणून सांगते. महावीर भगवंतांच्या निर्वाणानंतर तीन वर्षं साडेआठ महिन्यांनी पंचम काळ लागला. पंचम काळात जन्मलेल्याला मोक्ष नाही. पण जंबूस्वामी चौथ्या काळात जन्मले आणि मोक्षाला गेले पंचम काळात. काकू म्हणतील, म्हणजे जन्मच मोजला ना? मोजला. पण ती रेघ सर्वज्ञांनी सांगितलेली. ही सर्वेक्षणवाल्यांनी सोयीसाठी मारलेली. दोन्हींना एकच मान द्यायचा?

त्या तिघींची नावं मी यादीत परत लिहिली आहेत. त्यातली एक बँकेत आहे. रात्री जेवत नाही, म्हणून साडेपाचला काउंटरमागेच डबा उघडते. काकू तिच्याशी अजून एक शब्द बोललेल्या नाहीत.